हात खाली

लहानूच्या अंगाला दुसऱ्याच साबणाचा वास येत होता. केंद्राची गाडी त्याला ओट्यापाशी उतरवून वळली, मी त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायला वाकलो आणि मानेजवळून तो वास आला. लिंबाचा. आमच्या घरात लाल साबण. लहानू जन्मायच्या आधीपासून तोच, म्हणजे चौतीस वर्षं तरी झाली. सकाळी मीच त्याला त्या लाल साबणानं घासून, पुसून, कपडे चढवून पाठवलं होतं. मग हा लिंबू कुठून आला? लोक म्हणतील म्हातारा भ्रमला. पण माझं नाक मला फसवत नाही. एकतीस वर्षं मी सिंदीच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस ओढून काढायचा आणि नाकाशी धरायचा. पाणी मारलेलं असलं की लगेच कळायचं. समोरचा माणूस 'काका, घरचा माल हाये, देवाची शप्पत' म्हणत हात जोडून उभा असायचा आणि मी त्याच्याकडे बघायचोसुद्धा नाही. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात.

मी लहानूला तिथंच ओट्यावर बसवलं आणि त्याचा शर्ट काढला. पाठ पाहिली, दंड पाहिले, काखा पाहिल्या. वळ नव्हता, ओरखडा नव्हता. मानेमागचे केस मात्र ओलसर होते. कानशिलं पांढरी व्हायला लागलेला, माझ्यापेक्षा हातभर रुंद असा हा माझा मुलगा जानेवारीच्या थंडीत उघड्या अंगानं बसून राहिला. "कोनं आंघोळ घातली तुले?" मी विचारलं. तो बोलतो, पण एकेक शब्द, आणि तोही मनात आलं तर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले. मान खाली, हात गुडघ्यांवर. माणसाला कुणी दम दिल्याशिवाय माणूस असा बसत नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, घरी बोलायचं नाही म्हणून. कोण असेल तो? गाडीवाला गोपाल? की केंद्रातली ती जागृती मॅडम, जी प्रत्येक वाक्य हसून संपवते?

मुळात केंद्र हा प्रकारच मला पटलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आनंदा गेली. माझी बायको. ती होती तोवर लहानूचं सगळं तीच बघायची, मी फक्त विचारायचो, जेवला का, झोपला का. ती गेल्यावर ते सगळं माझ्यावर आलं, आणि माझी कंबर आधीच गेलेली. एकदा न्हाणीत त्याला उभं करताना मीच घसरून पडलो आणि तासभर दोघंही तिथंच बसून राहिलो. मग गावातल्या आशाताईनं जागृतीला घरी आणलं. नालवाडीला एका संस्थेचं केंद्र आहे, लहानूसारख्या मोठ्या माणसांसाठी; सकाळी गाडी येईल, संध्याकाळी सोडेल. तिथं वाफे करतात, वाती वळतात, रोजची कामं शिकवतात. वाती वळायला कापूस कुठला वापरता म्हणून मी पाहायला मागितला होता. आखूड धाग्याचा, मिलनं टाकून दिलेला. मी तिला तसं सांगितलं. ती हसली. मी तेव्हाच मनात खूण करून ठेवली होती. लहानूच्या पिशवीत रोज एक वही यायची, दिवसभरात त्यानं काय काय केलं ते लिहिलेली. पहिल्या आठवड्यात मी उघडली. 'लहानूभाऊंनी आज बाटली स्वतः भरली.' दुसऱ्या दिवशी 'ताट स्वतः धुतलं.' पुढं मी वही उघडलीच नाही. पालकांच्या बैठकीत जागृती तेच सांगायला लागली तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, मले वरचा कापूस नका दाखवू." बाकीचे आईबाप माझ्याकडे बघत राहिले. बघू देत. ज्या मुलाला मी घास भरवतो तो तिथं ताट धुतो, हे मी कसं मानायचं?

आणि आता तर कागद आला होता. नालवाडीतच संस्थेनं एक घर घेतलं आहे, तिथं चारजण राहतील, सोबत दिवसरात्र एक मदतनीस. लहानूला सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस ठेवू, जमलं तर वाढवू, सोमवारपर्यंत सही करून पाठवा. जागृतीनं फोनवर तो जुनाच प्रश्न विचारला, जो सगळे विचारतात: "काका, तुमच्यानंतर काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा मी नीट बघतो. विचारताना प्रत्येकाला थोडं बरं वाटत असतं. तिला म्हटलं, "माह्यानंतर पाहू, आता मी हाये न." पण फोन ठेवल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. आधी साबण बदलायचा. मग कपडे. मग घर. अशीच सवय लावतात, एकेक पायरी, आणि एक दिवस आपलं माणूस आपल्या घरी पाहुण्यासारखं बसतं. मी ठरवलं, सही तर नाहीच, सोमवारपासून केंद्रच बंद. पण त्याआधी त्यांना हातोहात पकडायचं. नुसत्या संशयावर मी कधी कुणाचा माल परत पाठवला नाही. मूठ नाकाशी धरल्याशिवाय मी बोलत नसे.

बुधवारी मी त्याच्या पायजम्याची नाडी बांधताना जिनिंगमधली गाठ मारली. रुईच्या पोत्याला हमाल मारतात ती, दोनदा आत घेऊन मागून काढलेली. ती माहितगाराशिवाय सुटत नाही, आणि सुटली तर पुन्हा तशी बसत नाही. संध्याकाळी गाडी आली. गोपालसमोर काही दाखवायचं नव्हतं म्हणून मी लहानूला आत नेलं आणि सदरा वर केला. नाडीला साधी फुलीची गाठ होती, एक फास लांब, एक तोकडा. मी तसाच बाहेर आलो. गोपाल गाडी वळवत होता. "काय रे गोपाल, आज लहानूचे कपडे कोनं काढले?" त्यानं गाडी थांबवली. चाळिशीचा माणूस, दोन पोरींचा बाप. तो खिडकीतून डोकं काढून हसला. "काका, तुमी त्यालेच विचारा ना. मले काऊन विचारून राह्यले?" आणि गेला. हे हसणं मला रात्रभर टोचलं. लहानू शेजारच्या खाटेवर घोरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. त्याला काय काय माहीत होतं जे मला माहीत नव्हतं? चौतीस वर्षांत असा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

त्या रात्री आनंदा आठवत राहिली. ती लहानूला आंघोळ घालायची तेव्हा न्हाणीचं दार लावून घ्यायची. त्या दाराला आतून कडी नाही. लहानू नऊ वर्षांचा असताना एकदा त्यानं कडी लावून घेतली आणि ती उघडायचं त्याला सुचेना. आम्ही बाहेर, तो आत, रडून रडून निळा पडलेला. मी पहारीनं दार काढलं आणि कडी उपटून फेकून दिली. स्क्रूची चार भोकं अजून आहेत. म्हणून आनंदा आतून दाराला पाण्यानं भरलेली बादली टेकवून ठेवायची. किती वेळ लागायचा त्यांना! मी बाहेरून ओरडायचो, "काय करून राह्यले एवढा वेळ?" आतून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मग आनंदा म्हणायची, "आलो, आलो. तुमी चहा प्या." मला तेव्हा वाटायचं, असेल, माय आणि लेकरू. आता त्या हसण्याचासुद्धा मला संशय यायला लागला.

शुक्रवारी मी कुणालाही न सांगता निघालो. गाडी लहानूला घेऊन गेली, तिच्यामागं अर्ध्या तासानं मी सेलूहून वर्धेची बस पकडली. नालवाडीला उतरलो आणि समोरच्या फाटकानं न जाता मागच्या वाफ्यांकडून आत शिरलो. पालकाच्या वाफ्यात दोघंतिघं उकिडवी बसली होती. एकीनं मला बघून हात हलवला. मी तोंडावर बोट ठेवलं, तर तिनंही ठेवलं. लहानू त्यांच्यात नव्हता. वाती वळायच्या खोलीतही नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला दोन न्हाण्या होत्या. एकीचं दार उघडं. दुसरीचं बंद, आणि आतून पाण्याचा आवाज. बाहेरच्या खुंटीवर लहानूचा निळा शर्ट. मी दार ढकललं. आतून कडी होती. माझ्या मुलाला आत घेऊन कुणीतरी आतून कडी लावली होती. मला पुढचं सगळं एकदम दिसलं, जे मी इथं लिहिणारही नाही, आणि मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागलो. "कोन हाये आत? उघड! पोलिसाले बोलावतो, उघड आधी!" पाण्याचा आवाज थांबला. व्हरांड्यातून जागृती धावत आली. "काका! काका, हळू. घाबरन तो." "कोन हाये आत त्याच्यासंग?" "कोनीच नाई." "मंग कडी कोनं लावली?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि या खेपेला हसली नाही. "त्यानं लावली, काका. त्यालेच लागते कडी."

कडी सरकली. आधी थोडी, अडकली, मग पूर्ण. दारात लहानू उभा होता. कमरेला पंचा, स्वतःच गुंडाळलेला, एक टोक खाली लोंबत होतं. केसांना फेस. हातात हिरवा साबण. त्याच्यामागं न्हाणी रिकामी होती; मी डोकावून खात्री केली, कोपरासुद्धा सोडला नाही. तोपर्यंत लहानूनं मला ओळखलं होतं. त्याच्या हातातला साबण खाली पडला. तो मागं सरकला, तिथल्या स्टुलावर बसला, मान खाली घातली आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले. मघाशी जो माणूस कडी सरकवत होता तो माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. केसांवरचा फेस ओघळून त्याच्या डोळ्यात गेला, तरी त्यानं हात उचलला नाही. डोळा मिटून घेतला, बस्स. जागृतीनं पंच्याच्या टोकानं त्याचा डोळा पुसला. "आला तेव्हा पयले तीन हप्ते असाच बसून होता," ती म्हणाली. "आमी समजलो त्याले काहीच येत नाई. तुमी फॉर्मवर बी तेच लिवलं होतं. मंग वाफ्यातून चिखलानं भरून यायचे सगळे, तर आंघोळ शिकवा लागली. एक दिवस दुकानात नेलं, म्हटलं साबण निवडा, तर यानंच हा उचलला. तुमाले वहीत लिवून पाठवलं, काका. दोनदा." मी पडलेला साबण उचलून नाकाशी धरला, लिंबाचाच. "पन एक समजलं नाई आमाले," ती पुढं म्हणाली. "काही करायच्या आधी तो एकच विचारते. साहेब गेले? आमी म्हनतो, हो गेले, की लागते कामाले. कोन साहेब, काका?"

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. पाणी दिलं कुणीतरी. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानूचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं होतं, टक्क्यांचं. सिंदीला माझ्यासोबत काम करणाऱ्या तानबानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की त्याच्या पुतण्यानं डॉक्टरसमोर शर्टाच्या गुंड्या लावून दाखवल्या आणि टक्के कमी पडले. कमी पडले की ना पेन्शन, ना पास, ना काही. आणि लहानूला तेव्हा गुंड्या लावता यायच्या. हो, यायच्या. चपलेचे पट्टे यायचे. घड्याही घालायचा, आनंदाच्या साड्यांच्या, काठाला काठ जुळवून. मी घाबरलो. आठ दिवस ओट्यावर मी तालीम घेतली. मी चष्मा लावायचो, खिशाला पेन लावायचो, त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसायचो आणि गुंड्यांचा शर्ट टेबलावर ठेवायचो. त्यानं हात पुढं केला की मी त्याचे दोन्ही हात धरून गुडघ्यांवर दाबायचो. "साहेब पाहून राह्यले. हात खाली." पहिल्या दिवशी तो हसला, खेळ वाटला त्याला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातावर पट्टी मारली. जोरात नाही. पण मारली. आनंदा दारात उभी होती. "लेकराले येते ते काऊन विसरवून राह्यले?" म्हणाली. मी म्हटलं, "तुले समजत नाई." ग्रेडरची अक्कल होती ना माझ्याकडे. जन्मभर दुसऱ्यांच्या लबाडीचं ओझं उपसलेला माणूस, स्वतःचा माल दाखवायला निघाला तर चांगला कापूस खाली दाबून वर ओला पसरला.

दवाखान्यात लहानू दगडासारखा बसला. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं तीनदा विचारलं, चॉकलेट दाखवलं. पंचाहत्तर टक्के. बाहेर येऊन मी त्याला रसवंतीवर रस पाजला, ग्लास माझ्या हातानं त्याच्या तोंडाला लावला, रस्त्यावरून दवाखान्यातला कुणी जाताना बघेल म्हणून. बसस्टँडवर आनंदा म्हणाली, "आता तरी सांगा त्याले, झालं म्हून." मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वाटलं, पाच वर्षांनी पुन्हा तपासणी आहे, राहू दे. पाच वर्षांनी तपासणी झाली. मग राहूनच गेलं. अकरा वर्षं. माझा चष्मा तोच, खिशाला पेनही तेच. मी सकाळी त्याच्यासमोर आलो की साहेब आले. मी तोंडात घास घालायचो आणि लोकांना सांगायचो, काय करणार, काहीच येत नाही बिचाऱ्याला. लोक हळहळायचे. मला ते बरं वाटायचं, हेही आता लिहून टाकतो. आणि आनंदा? दाराला बादली टेकवून ती दोघं आत हसत होती ती कशाला? माझी खात्री आहे, आत त्याचा तोच आंघोळ करत होता. दोघांनी मिळून मला नऊ वर्षं फसवलं. कुणाला विचारू आता? लहानूला विचारलं तर तो हात गुडघ्यांवर ठेवेल.

संध्याकाळी आम्ही गोपालच्या गाडीतच परत आलो. लहानू खिडकीशी बसून केळझरकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या मोजत होता की नुसता बघत होता, मला सांगता येणार नाही. जे मला सांगता येत होतं त्यातलं काहीच आता मला खात्रीनं सांगता येत नव्हतं.

शनिवारी केंद्राला सुटी. सकाळी मी पाणी तापवलं, बादली न्हाणीत नेली, गार पाणी घालून विसणली. लहानू येऊन स्टुलावर बसला, मान खाली, हात गुडघ्यांवर. मी मग्गा उचलला आणि पुन्हा ठेवला. चष्मा काढला. तो वरच्या खिशात घालायला गेलो तर पेन हाताला लागलं. दोन्ही खिडकीत ठेवले. कंबरेत कळ आली तरी खाली बसलो, त्याच्या तोंडासमोर. "लहानू," मी म्हटलं, "साहेब गेले." तो हलला नाही. "साहेब गेले, बाप्पा. आता येनार नाई. कधीच." त्यानं मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला. किती वेळ बघत होता! मी कापसाच्या मुठीकडे कधी एवढा वेळ बघितलं नसेल. माझे डोळे भरून आले होते, पण त्याला त्याचं काही नव्हतं. तो बघत होता, हे खरं आहे की वरवरचं. "गेले?" "गेले." मग त्यानं माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. "तुमी बी जा," लहानू म्हणाला.

मी उठलो. भिंतीला धरून उठलो. बाहेर आलो आणि दार ओढलं. पण आमचं ते दार फुगलेलं आहे, सोडलं की वीतभर उघडतं. आतून आवाज आला, "कडी." मी म्हटलं, "कडी नाई रे. उद्या आनतो. चांगली पितळेची आनतो." "कडी," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. हट्टी आहे तो, मला माहीतच नव्हतं. मग मी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली, दार घट्ट ओढून घेतलं आणि तोंड अंगणाकडे केलं. घरात खाटेवर नालवाडीच्या घराचा कागद तसाच पडला होता. सही करायची होती, आताच करावी असं वाटत होतं, पण पेन न्हाणीच्या खिडकीत होतं आणि हात मोकळे नव्हते. "घे, लावली कडी," मी म्हटलं, "मी पाहून नाई राह्यलो." मग लहानूनं आतून दार एकदा जोरानं ओढून पाहिलं. मी सोडलं नाही. थोडं थांबून त्यानं पुन्हा एकदा ओढून पाहिलं, पक्कं आहे की नाही म्हणून, आणि मगच मग्गा पाण्यात बुडाल्याचा आवाज आला.